पत्त्याच्या मुक्कामावरचं अस्वल

माझ्या सासूचा आवाज मोठा होता. धानाच्या रोवणीच्या वेळी बांधीच्या, म्हणजे शेताच्या एका तुकड्याच्या, या टोकाला वाकून ती त्या टोकाच्या बाईशी बोलायची आणि मधल्या बाया हातातलं रोप तसंच धरून हसत उभ्या राहायच्या. लग्न होऊन मी मूल तालुक्यातल्या त्या घरी गेले तेव्हा मला तिची भीती वाटायची. मी तिला मामी म्हणायचे. आमच्याकडे सासूला मामीच म्हणतात. सासरे आधीच वारले होते. घरात मामी, तिचा एकुलता एक मुलगा म्हणजे माझा नवरा, आणि मी. नवरा आईच्या अगदी उलटा. विचारलं तर बोलायचा, आणि तेही जमिनीकडे बघून.

लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात आम्ही तिघं पत्त्यावर गेलो. पत्त्यावर जाणं म्हणजे तेंदूची पानं तोडायला जाणं. दर उन्हाळ्यात आमचं अर्धं गाव जवळच्याच जंगलात पानं तोडायचं, पण त्या वर्षी वाघाने लागोपाठ माणसं नेली होती आणि जंगलात पाय टाकायची कोणाची हिंमत नव्हती. मामी म्हणाली, घरी बसून काय करायचं, मुलचेऱ्याच्या पलीकडे ठेकेदाराचा मुन्शी बाहेरगावची माणसं बोलावतो आहे, तिकडे जाऊ. तिकडे वाघ नाही असं सगळे म्हणत होते. आम्ही भांडी, तांदूळ आणि ताडपत्री मुन्शीच्या गाडीत टाकली. नवरा मोटारसायकलवर मागून आला.

मुक्काम एका नाल्याच्या काठी होता. फांद्या रोवून, वर ताडपत्री टाकून दहा-बारा कुटुंबांनी छपऱ्या उभ्या केल्या. नाला कोरडा होता. रेतीत झिरा खणला की हळूहळू पाणी जमायचं, ते वाटीने भरून घ्यायचं. छपऱ्यांच्या पुढे एक उघडं मैदान होतं, तीच फळी. तिथे मुन्शी संध्याकाळी आमचे पानांचे पुडे घ्यायचा आणि वाळत घालायचा. उजाडायच्या आत जंगलात जायचं, उन्हं चढली की परत यायचं, दुपारभर सावलीत बसून पानं जुळवायची आणि सालीच्या दोरीने पुडे बांधायचे. बोटं काळी पडायची आणि ती काळी बोटंच भातात घालायची. तरी मला ते दिवस वाईट वाटत नव्हते. मामी रोज काहीतरी सांगायची आणि पूर्ण मुक्काम ऐकायचा.

आमच्या शेजारच्या छपरीत जिवतीकडचं एक म्हातारं गोंड जोडपं होतं. त्यांच्यासोबत एक पिवळं कुत्रं. म्हातारा कामाचा पक्का होता आणि म्हातारी कमी बोलायची. तिसऱ्या की चौथ्या दिवशी आम्ही जंगलातून परत आलो तर आमच्या छपरीतला गुळाचा डबा उलटा पडला होता आणि आत काहीच नव्हतं.

"इथी कोन आलं होतं?" मामी फळीवर ऐकू जाईल असं ओरडली.

मामीची नजर शेजारच्या म्हातारीवर गेली.

"तू अर्ध्यातून वापस आली होती ना आज?"

"पोटात दुखत होतं, बाई," म्हातारी म्हणाली. "येऊन निजली होती. मले काई मालूम नाई."

"पोटात दुखत होतं अन् आमचा गूळ खाल्ला!"

म्हातारीचं तोंड पडलं. तिचा नवरा कुऱ्हाडीचा दांडा तासत होता, तो उठून उभा राहिला, पण परत बसला. मी मामीला म्हटलं, माकडांनी नेला असेल. मामी म्हणाली, माकड डब्याचं झाकण काढून बाजूला ठेवते काय?

दुसऱ्या दिवशी तेलाची बाटली गेली. माझ्या नवऱ्याला ती नाल्यात सापडली. बाटलीला आरपार भोकं होती, जाड दाभणाने पाडावीत तशी, आणि भोवतीच्या रेतीत पावलं उमटली होती. अनवाणी माणसाच्या पावलांसारखीच, फक्त बोटांच्या पुढे लांब नखांच्या खुणा. नवऱ्याने मामीला बोलावून दाखवलं. मामीने खाली बसून नखांच्या खुणेवर बोट फिरवलं.

"अस्वल होय," ती म्हणाली. बस, एवढंच.

संध्याकाळी तिने जवसाची चटणी पानात बांधून माझ्या हाती म्हातारीकडे पाठवली. म्हातारीने पान घेतलं आणि विचारलं, "तुही सासू सोता काऊन नाई आली?" मी परत आले तेव्हा मामी मोठ्याने दुसऱ्याच कोणाशी तरी बोलत होती.

त्यानंतर अस्वल मुक्कामाचं होऊन गेलं. आम्ही जंगलात गेलो की ते नाल्याच्या पलीकडच्या उतारावरून खाली यायचं आणि एकेक छपरी धुंडाळायचं. तेलाची चटक लागली होती त्याला. एका बाईचं डोक्याला लावायचं तेलही त्याने सोडलं नाही. आम्ही गूळ-तेल पिशवीत घालून दोरीने झाडाच्या टोकाच्या फांदीला टांगलं. त्याने फांदीच मोडली. मिरच्या टाकून धूर केला, तर आम्हीच खोकून बेजार झालो. मुन्शीने मुलचेऱ्याहून सुतळी बॉम्ब आणले. पहिल्या दिवशी ते पळालं, दुसऱ्या दिवशी थोडं दूर जाऊन उभं राहिलं, तिसऱ्या दिवशी त्याने मान वळवून नुसतं बघितलं. शेवटी असं ठरलं की रोज प्रत्येक घरचं एक माणूस मुक्कामावर थांबेल आणि टिन वाजवेल. म्हणजे त्या माणसाचा पत्ता बुडणार. आमच्यातून मी थांबायचे. एकदा भरदिवसा ते माझ्यापासून बैलगाडीच्या लांबीवर आलं. मी थाळी बडवत होते आणि माझ्या हातातून थाळी सुटली. ते चुलीवरच्या पातेल्यात तोंड घालून वरण प्यायलं, नाक फुरफुरवलं आणि निघून गेलं. मला त्याने काही केलं नाही. पण त्या दिवसानंतर मी एकटी झिऱ्यावर जाईना.

एक वनरक्षक बाई दुचाकीवर आल्या. माझ्याच वयाच्या असतील, खाकी शर्टाच्या पाठीवर घामाचे पांढरे डाग. त्यांनी पावलं बघितली, मोडलेली फांदी बघितली.

"मुक्काम हलवा," त्या म्हणाल्या. "त्याले इथलं खानं माहीत झालं. ते आता सोडनार नाई."

"हलवतो कुठी, मॅडम?" मुन्शी म्हणाला. "नाल्यापलीकडे ट्रक जात नाई. फळी इथीच राहील."

"मंग खान्याच्या वस्तू इथी ठेवू नका. रोज गावातून आना."

"गाव किती दूर हाये ते पाह्यलं ना तुमी?"

त्यांनीही ते बघितलं होतं. वरिष्ठांना सांगते, माणसं पाठवायला लावते, असं म्हणाल्या. जाताना आम्हा बायांना सांगितलं, एकटीने फिरू नका, आणि त्याच्या अंगावर जाऊ नका, मागच्या पायांवर उभं राहिलं की ते माणसाचं तोंड धरते. हे ऐकून एक कुटुंब त्याच संध्याकाळी सामान बांधून निघून गेलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन गेली.

आम्हीही जावं असं मला वाटत होतं. मी नवऱ्याला तसं म्हटलं. तो म्हणाला, मायला विचार. मायला विचारायची माझी छाती नव्हती.

मामीला अस्वलाचा राग आला होता, माणसाचा यावा तसा. "आपल्या हातचा घास हिसकून राह्यलं," ती म्हणायची. "आन आपन थाळ्या वाजवून राह्यलो." तारेची गोष्ट तिनेच काढली. दुपारची वेळ होती, सगळे मोहाच्या झाडाखाली पुडे बांधत बसले होते. आमच्या गावाकडे रानडुकरासाठी तारेचा फास लावतात, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. फक्त तोंडाने म्हणायचं नसतं.

"तार लावा," मामी म्हणाली. "त्याचा रस्ता ठरलेला हाये. एका दिवसाचं काम होय."

म्हाताऱ्याने हातातला पुडा खाली ठेवला. "नोको, बाई. जेल होते. माह्या साळ्याले घेऊन गेले होते, तं त्याची बायको दोन पोट्टे घेऊन कोर्टाच्या पायऱ्यांवर बसून राहे."

"मंग तू जा जिवतीले वापस. आमी काय अस्वलाले जेवू घालाले आलो?"

मुन्शी जवळच होता. "मी काई आयकलं नाई," असं म्हणून तो फळीकडे निघून गेला.

मामी आता मुलाकडे वळली. "तू काऊन चूप हायेस?"

"माय, नोको," माझा नवरा म्हणाला.

"दम नाई तुह्यात?"

सगळ्यांसमोर म्हणाली ती. एक-दोन माणसं हसली. नवरा उठला, पक्कड घेतली आणि छपरीमागे उभ्या असलेल्या मोटारसायकलची क्लचची तार काढली. मी त्याच्यामागे गेले.

"गाडी कामाले लागली तं?" मी विचारलं.

"कशाले लागते? पत्ता सरून फळी उठली की नवी टाकतो."

त्याची मान खाली होती आणि कान लाल झाले होते. त्याने आणखी एका माणसाला सोबत घेतलं आणि दोघं उताराच्या वाटेवर फास लावून आले.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही जंगलात निघायच्या तयारीत होतो तेव्हा ओरडणं ऐकू आलं. माणूस ओरडतो तसंच, पण मध्ये श्वास न घेता. ते थांबेचना. कुत्रं छपरीत शिरून बसलं. चुलीपुढच्या बाया चुलीपुढेच राहिल्या. मग फांद्या मोडल्याचा आवाज आला आणि सगळं शांत झालं. चांगलं ऊन पडल्यावर माणसं बघायला गेली, त्यांच्यामागे मी आणि मामी. ज्या रोपट्याला तार बांधली होती त्याची साल पूर्ण सोलली गेली होती. तार बुडाशी तुटलेली. फास त्याच्यासोबतच गेला होता. पानांवर रक्त होतं आणि काळ्या केसांचा झुबका.

मामीच म्हणाली, "गेलं ना? झालं तं मंग."

पुढे तीन-चार दिवस अस्वल आलं नाही. राखण बंद झाली, मीही परत पानं तोडायला जाऊ लागले. मुन्शीने मामीला चहा पाजला. मामी त्या दिवसांत फार खुशीत होती. तिने संध्याकाळी गाणी म्हटली, लग्नातली, चावट. शेजारची म्हातारी पण पदराआड हसत होती.

मग एक दिवस सकाळी मी आणि मामी नाल्याच्या पलीकडे, उताराच्या पायथ्याशी पानं तोडत होतो. सूर्य नुकताच वर आला होता. नवरा थोडा दूर होता, आणि म्हातारा-म्हातारी त्याच्याही पलीकडे. माझ्या भावाचं लग्न ठरलं होतं आणि मामी पुढे चालता चालता मान वळवून मला सांगत होती की ती लग्नात हिरवी साडी नेसणार, कारण माझ्या आईने मागच्या वेळी तिला दिलेली साडी तिला आवडली नव्हती. ती बोलत असतानाच समोरच्या झुडुपातून काळं काहीतरी वर आलं.

ते पळालं नाही. तीन पायांवर उभं होतं, चौथा पंजा सुजून भोपळ्यासारखा झाला होता आणि त्या सुजेत तार चकाकत होती. मामी पण पळाली नाही. गुराला हाकलतो तसं तिने हात उगारून "हट!" म्हटलं. ते तिच्यापुढे उभं राहिलं. मामीपेक्षा उंच.

पुढचं फार थोड्या वेळात झालं. मी ओरडत होते हे मला नंतर इतरांनी सांगितलं. मी पानांचं बोचकं फेकलं, दगड फेकले, एक दगड मामीलाच लागला. मग पिवळं कुत्रं आलं, त्याच्यामागे म्हातारा कुऱ्हाड घेऊन, आणि अस्वल मामीला सोडून लंगडत वर निघून गेलं. आमच्याकडे त्याने वळूनही पाहिलं नाही.

मामी पालथी पडली होती. मी तिला उताणी केली. तिचे डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडे बघत होती. नाकाच्या खाली तोंड राहिलं नव्हतं. तिने बोलायचा प्रयत्न केला, आवाज आला, पण त्यात शब्द नव्हता. तो आवाज ऐकून तिचे डोळे मोठे झाले. आपल्याला काय झालं हे तिला त्या क्षणी कळलं असावं.

म्हातारी धावत आली, खाली बसली, मामीला कुशीवर वळवून तिचं डोकं आपल्या मांडीवर घेतलं आणि तोंड जमिनीकडे केलं. "रगत घशात नाई गेलं पायजे," ती म्हणाली. मी डोक्याला गुंडाळलेली ओढणी फाडून पट्टी बांधली. ती लगेच भिजली. दुसरी बांधली.

नवरा आला. त्याने आईकडे एकदा बघितलं आणि मुक्कामाकडे धावत सुटला. फोनला रेंज फक्त दूरच्या एका टेकडीवर मिळायची, तिची वाट नाल्याच्या पात्रातून होती, आणि मुन्शीची गाडी त्या दिवशी मुलचेऱ्याला गेली होती. नवऱ्याने मोटारसायकल ढकलत सुरू केली, पण क्लचशिवाय ती नाल्याच्या रेतीत चालेना. बंद पडायची, तो परत ढकलायचा, परत बंद पडायची. आम्ही मामीला ताडपत्रीच्या झोळीत घालून नाला ओलांडला तेव्हा गाडी रेतीत आडवी पडली होती. तो टेकडीच्या दिशेने पळताना दिसत होता, लहान होत गेलेला.

झोळी चौघांनी उचलली होती. मी बाजूने चालत होते. मामी सारखी माझ्या हातावर मारत होती. पाणी पाहिजे असेल असं मला वाटलं, पण पाणी द्यायचं कुठे? मग तिने स्वतःच्या डोक्यावर हात नेला. पदर सरकला होता. मी तो ओढून तिचं डोकं, कपाळ, सगळंच झाकलं, तेव्हा तिचा हात शांत झाला. डांबरी रस्त्यावर बराच वेळ थांबल्यावर सरकारी अँब्युलन्स आली. गडचिरोलीला टाके घातले आणि तिथून नागपूरला पाठवलं.

नागपूरला किती दिवस राहिलो हे मी मोजलं नाही. मामीवर एकामागून एक ऑपरेशनं झाली. नाकातून नळी घातली होती, तिच्यातून पातळ अन्न द्यायचं. ते मी शिकले. डावा डोळा गेला. जबड्याचं जेवढं जुळवता आलं तेवढं डॉक्टरांनी जुळवलं. ते माणूस म्हणून चांगले होते. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की आता ह्या बोलू शकणार नाहीत, जेवतील, पण चावून नाही.

तिथेच कळलं की अस्वल मेलं. गुराख्यांना ते दूरच्या एका डोहाजवळ सापडलं होतं, तार हाडापर्यंत रुतलेली. गावच्या एका माणसाने फोनवर सांगितलं. मी "बरं" म्हटलं आणि हातातला चहा पिऊन टाकला. संध्याकाळी व्हरांड्यात कपडे वाळत घालताना मला अचानक रडू फुटलं. ते मामीसाठी होतं की त्या जनावरासाठी, हे मला आजही सांगता येत नाही.

अस्वल मेल्यामुळे चौकशी लागली. एक वयस्क वनपाल दवाखान्यात आले. मामीच्या खाटेजवळ स्टूल ओढून बसले, आधी तब्येत विचारली. मग म्हणाले, "त्या जनावराच्या पायात फास होता. मुक्कामावरचे लोक काही सांगत नाहीत. फास लावणाऱ्याच्या घरी सरकारी मदत मिळत नसते, हे तुम्हाला माहीत असेल. तार कोणाची होती?"

नवरा खाटेच्या पायथ्याशी उभा होता. त्याने कांबी धरली होती आणि त्याची बोटं पांढरी पडली होती. त्याचं तोंड उघडलं. तेवढ्यात मामीने हात उचलला. सुई लावलेला हात होता तो. तिने तो हळूहळू छातीवर आणला आणि स्वतःच्या छातीवर दोनदा थोपटलं.

"तुम्ही लावली?" वनपालांनी विचारलं.

तिने परत छातीवर थोपटलं. एका डोळ्याने ती त्यांच्याकडे रोखून बघत होती. वनपालांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्या नवऱ्याकडे, त्याच्या हातांकडे. ते उठले. "आराम करा, बाई," म्हणाले आणि गेले. पुढे बरेच महिने आम्ही समन्सची वाट बघत होतो. आलं नाही. मदत उशिरा का होईना मिळाली.

बाहेर जिन्याजवळ नवरा मला म्हणाला, "मी सांगनार होतो."

"मंग काऊन नाई सांगितलं?" मी म्हणाले.

मला त्याचा राग आला होता, आणि मामीचा पण. दम नाही का, असं सगळ्यांसमोर कोणी विचारलं होतं? तरी खाटेवरच्या माणसावर राग धरता येत नाही, म्हणून तो सगळा मी नवऱ्यावर काढला. त्याने तो निमूटपणे घेतला.

घरी आल्यावर मामी घराबाहेर पडेना. पदर डोळ्याखालपर्यंत ओढून बसायची. पुढच्या पावसाळ्यात मात्र एक दिवस आपणहून रोवणीला आली. सगळ्यांच्या शेवटी, बांधाच्या कडेला राहिली. बाया तिच्याशी बोलायच्या, मग उत्तर येत नाही हे आठवून गप्प व्हायच्या. हळूहळू त्या बोलेनाशा झाल्या. हातपंपावर एक बाई म्हणाली की मुक्या जनावराला तार लावली, त्याचं फळ मिळालं. मी तिच्या गुंडीतलं पाणी ओतून दिलं आणि तिच्याशी भांडले. पण तसं म्हणणारी ती एकटी नव्हती.

मामीचं बोलणं मला समजायला लागलं. नुसता आवाज असायचा, त्याला कधी चढ, कधी उतार, सोबत हाताची खूण. आधी पाणी, दार, गाय, एवढंच कळायचं. वर्षभरात जवळजवळ सगळं कळायला लागलं, शेजारणीच्या चहाड्यासुद्धा. नवऱ्याला मात्र कळत नसे. तो मलाच विचारायचा, "माय काय म्हनते?"

ती जेवायची तेव्हा अन्न बाहेर यायचं. मान एका बाजूला कलवून, हातात फडकं धरून ती पेज प्यायची, आणि हनुवटी असायला पाहिजे तिथून ती ओघळायची. मी पुसून द्यायचे. नवरा ताट घेऊन उठून जायचा. ओटीवर जाऊन जेवायचा, किंवा म्हणायचा की भूक नाही. एक दिवस तिने मला काही सांगितलं. मी त्याला म्हटलं, "माय म्हनते, इथी बसून जेव." त्याने घास हातात धरला. घास तोंडापर्यंत गेला नाही. उठून बाहेर गेला आणि अंधार पडल्यावर आला. दुसऱ्या दिवसापासून मामी आपलं ताट घेऊन दाराच्या मागे भिंतीकडे तोंड करून जेवायला लागली. आमच्या दोन खोल्यांच्या घरात मग असंच चालायचं. तो पुढे, ती दाराआड, आणि मी मध्ये.

त्या हिवाळ्यात तो मिरची तोडायला तेलंगणात गेला. आधीही आमच्याकडचे लोक जायचे आणि मिरची संपली की परतायचे. तो तिथेच वीटभट्टीवर थांबला. रोवणीला यायचा, धान कापायला यायचा, परत जायचा. फोन करायचा तेव्हा मायची तब्येत विचारायचा. मी फोन मामीच्या कानाला लावायचे, ती काहीतरी बोलायची. तिकडून तो "हो माय, हो माय" म्हणायचा. काय कळत होतं त्याला, कोण जाणे. मला याच काळात अंगणवाडीत मदतनिसाचं काम मिळालं. घर चाललं.

अशी काही वर्षं गेली. मागच्या थंडीत मामीला खोकला झाला. अन्न चुकीच्या नळीत जातं आणि छातीत उतरतं, असं तालुक्याच्या दवाखान्यात सांगितलं. ताप उतरेना. शेवटच्या दोन दिवसांत ती फार बोलली नाही, पण एक गोष्ट तिने मला तीनदा सांगितली. पदर तोंडावर ओढून, मग दाराकडे बोट करून, मग हात हलवून. माणसं येतील, त्यांना तोंड दाखवू नको. मी हो म्हटलं. तिसऱ्यांदा तर मी जरा चिडूनच हो म्हटलं. ती सकाळी गेली, मी चूल पेटवत असताना.

नातेवाईक आले. पांढऱ्या कपड्यांतली माणसं अंगणात बसली, बुद्धवंदना झाली, मेणबत्त्या लावल्या. नवऱ्याची वाट बघत होतो. मामीची चुलत बहीण म्हणाली, "तोंडावरचं कापड काढा व. शेवटचं पाहू द्या." आमच्यात शेवटचं दर्शन घेतातच. मी नाही म्हटलं. ती रागावली, म्हणाली, तू कोण ठरवणारी, आम्ही तिच्या रक्ताचे आहोत. दोन-तीन बायांनी तिची बाजू घेतली. मी मामीच्या उशाशी बसले आणि कापडाचं टोक हातात धरून ठेवलं. कोणीतरी माझा हात सोडवायचा प्रयत्न केला. मी सोडला नाही.

दुपारी नवरा आला. रात्रभर बस बदलत आला होता, विटांची लाल धूळ अजून त्याच्या केसांत होती. तो दारात उभा राहिला. त्याने सगळ्यांकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे.

"मी पाहू काय?" त्याने मला विचारलं.

मी सगळ्यांना खोलीबाहेर काढलं. दार लोटून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभी राहिले. तो आईजवळ मांडी घालून बसला आणि कापड खाली केलं. मला वाटलं होतं तो लगेच मान वळवेल. त्याने वळवली नाही. खूप वेळ बघत राहिला. बाहेरून कोणीतरी म्हणालं, उशीर होतो आहे. मी पाठ दारावर आणखी दाबली.

मग तो हळू आवाजात म्हणाला, "ओलं हाये इथी."

भिंतीच्या खुंटीला तिचं फडकं होतं. मी ते दिलं. त्याने तिच्या शिवलेल्या ओठाच्या कडेला पुसलं, मग खाली, जिथे टाक्यांचे वण एकत्र येत होते तिथे. पुसायची त्याला सवय नव्हती, हात अडखळत होता. पुसून झाल्यावर त्याने फडकं नीट चौकोनी घडी करून स्वतःच्या खिशात ठेवलं आणि कापड तिच्या कपाळापर्यंत ओढलं.

दार उघडून तो अंगणात गेला. "चला," तो माणसांना म्हणाला, "उचला."